एका पानावर अनेक लिप्या: झीलाटेक आणि आधुनिक फॉन्ट वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी

मराठी परिच्छेदात इंग्रजी संज्ञा, तळटीपेत संस्कृत श्लोक, मध्येच उर्दू शेर आणि शेवटी संदर्भसूचीत एखादं रशियन नाव. असा मजकूर छापण्याजोगा करायचा तर साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये फार झटापट करावी लागते. एका भाषेचा फॉन्ट बदलला की दुसरीची ओळ हलते, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आली की विरामचिन्हं भलतीकडे जातात, आणि तीनशे पानांनंतर कुठे काय बदललं होतं ते आठवत नाही. अक्षरजुळणीसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडतं. त्यातलं नवशिक्याला सर्वांत लवकर जमणारं साधन म्हणजे झीलाटेक, लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचं एक रूप. ते शून्यापासून कसं सुरू करायचं ते इथे सांगतो.

लाटेकच्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. प्रत्येक आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश येतो, मुख्य मजकूर महिरपी कंसात आणि पर्याय चौकटी कंसात जातात. बाकी व्याकरण आपोआप अंगवळणी पडतं.

आधी चार थर ओळखा

पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण चारपैकी एका थरात असते. कोणत्या थरात बिघाड आहे हे ओळखता आलं की दुरुस्ती सहसा एका ओळीची असते. ते ओळखता आलं नाही तर माणूस दिवसभर फॉन्ट बदलत बसतो आणि चूक मजकुरातच राहते.

पहिला थर मजकुराचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो आणि फाइलमध्ये फक्त ते क्रमांक साठवलेले असतात. ‘कि’ लिहिताना फाइलमध्ये आधी क येतो आणि मग वेलांटी, जरी कागदावर वेलांटी आधी दिसत असली तरी. ‘अर्क’मध्ये र आधी साठवला जातो, मग हलन्त, मग क, रफार क-च्या डोक्यावर दिसतो ते नंतरच्या प्रक्रियेमुळे. थोडक्यात, मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, दिसण्याच्या क्रमाने नाही.

दुसरा थर फॉन्टचा. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात आणि त्यांच्या सोबत नियमांचे तक्ते असतात: क, हलन्त आणि ष लागोपाठ आले तर क्ष-ची आकृती घ्या, रफार अमुक ठिकाणी ठेवा, उकार ‘रु’मध्ये वेगळा काढा. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी 1996 साली जाहीर केलेल्या ओपनटाइप या स्वरूपात हे तक्ते येतात. आज ‘आधुनिक फॉन्ट’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच अभिप्रेत असतं.

तिसरा थर आकार देणाऱ्या इंजिनाचा. फॉन्टमध्ये नियम असले तरी ते वाचून अमलात आणणारं कुणीतरी लागतं. हे काम आता बऱ्याच ठिकाणी हार्फबझ नावाची मुक्त प्रणाली करते. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांत तीच आहे आणि झीलाटेकच्या मुळाशी असलेल्या झीटेकमध्येही तीच आहे. तिला कोणती लिपी आहे हे सांगितलं नाही, किंवा चुकीची सांगितली, तर ती देवनागरीचे नियम लावत नाही. मग जोडाक्षरं फुटून हलन्त उघडे पडतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते.

चौथा थर भाषेचा. लिपी एक असली तरी भाषा वेगळ्या असतात. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत आहेत, पण मराठी वाचकाला ल आणि श यांची वळणं वेगळी हवी असतात. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, ‘चॅप्टर’ऐवजी ‘प्रकरण’ असा मथळा छापायचा, अंक कोणते वापरायचे, हे सगळं भाषेवर ठरतं. चांगला फॉन्ट घेऊनही पान परकं वाटतं, तेव्हा बहुधा हा थर सांगायचा राहिलेला असतो.

साधन कोणतं निवडायचं

मूळ टेक ही प्रणाली डॉनल्ड नुथ यांनी 1978 साली प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980च्या दशकात लाटेक उभारलं, म्हणजे लेखकाने ‘हे प्रकरण, हा उपविभाग, ही तळटीप’ एवढंच सांगायचं आणि मांडणी प्रणालीने करायची. गणितासाठी ती अप्रतिम होती. पण तिच्या जुन्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 256 आकृत्या मावत, त्यामुळे देवनागरीसाठी आडवळणाने जावं लागे. 1991 साली नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थाउस यांनी केलेल्या व्यवस्थेत मजकूर रोमन लिप्यंतरात टंकायचा आणि मधल्या एका प्रोग्रॅमने त्याचं रूपांतर करायचं, अशी पद्धत होती. त्या काळासाठी ते मोठंच काम होतं.

2004 साली भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेत जोनाथन क्यू यांनी झीटेक आणलं. सुरुवातीला ते फक्त मॅकवर चाले. 2006 मध्ये लिनक्सवर आलं आणि 2007 च्या टेक लाइव्ह या संचात समाविष्ट झालं. त्याने दोन गोष्टी बदलल्या: फाइल थेट यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) वाचली जाऊ लागली आणि संगणकावर बसवलेला कोणताही फॉन्ट नुसत्या नावाने वापरता येऊ लागला. 2013 पासून त्याच्या आतलं आकार देण्याचं काम हार्फबझकडे आहे. झीटेकवर चालणाऱ्या लाटेकला झीलाटेक म्हणतात.

दुसरा पर्याय लुआलाटेक. त्याच्या आत लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा आहे, त्यामुळे ते जास्त लवचीक आहे. 2020 च्या टेक लाइव्हपासून त्यातही हार्फबझ आलं. मात्र देवनागरीसाठी फॉन्टच्या पर्यायांत ‘रेंडरर इज इक्वल टू हार्फबझ’ असं मुद्दाम लिहावं लागतं, आणि ते राहिलं की जोडाक्षरं चुकतात. दृष्टिहीन वाचकांच्या सॉफ्टवेअरला उपयोगी पडणारी टॅग केलेली पीडीएफ हवी असेल तर लाटेकच्या विकासकांचा कल लुआलाटेककडे आहे आणि पुढची वाट तीच दिसते. तरीही पहिल्या महिन्यात झीलाटेकच घ्या असं मी म्हणेन. त्याला कमी सांगावं लागतं, ते वेगवान आहे, आणि त्यात शिकलेलं जवळजवळ सगळं पुढे लुआलाटेकमध्ये चालतं. पीडीएफलाटेक हे जुनं इंजिन या कामासाठी वापरू नका. संपादकात, म्हणजे फाइल लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, चुकून तेच निवडलेलं राहिलं की नवशिक्यांचा पहिला दिवस वाया जातो.

पायरी 1: बसवणं

विंडोज आणि लिनक्सवर टेक लाइव्ह, मॅकवर त्याचंच रूप असलेलं मॅकटेक, किंवा विंडोजवर मिकटेक. टेक लाइव्हचा पूर्ण संच अनेक जीबींचा आहे, पण जागा असेल तर पूर्णच बसवा. अर्धवट संचात नेमकं हवं ते पॅकेज (लाटेकला जोडायचा जादा आज्ञांचा संच) नसतं आणि नवशिक्याला तो संदेश उमगत नाही. मिकटेक आधी थोडंच बसवतं आणि लागेल तसं इंटरनेटवरून पॅकेज उतरवून घेतं. काहीच बसवायचं नसेल तर ओव्हरलीफ ही ऑनलाइन सेवा आहे. तिथे मेनूत जाऊन कंपायलर म्हणून झीलाटेक निवडायचं आणि हवा तो फॉन्ट प्रकल्पात अपलोड करायचा.

लिहिण्यासाठी टेकवर्क्स किंवा टेकस्टुडिओ हे संपादक बरे. टेकवर्क्स साधा आहे आणि तोही जोनाथन क्यू यांनीच सुरू केला. संपादकाच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट इंजिन झीलाटेक करा आणि फाइल यूटीएफ-8 मध्येच सेव्ह होते आहे ना, ते बघा.

पायरी 2: फॉन्ट पारखून घेणं

फॉन्ट निवडताना तो सुंदर आहे का हा प्रश्न दुसरा, आणि तो पूर्ण आहे का हा पहिला. खालील शब्द एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये ते बघा:

दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्घाटन, शृंगार, श्री, ॲप, ऑफिस, द्व्यर्थी, कर्तृत्व, रुपया, रूप, हृदय, ट्रक, क्ष, ज्ञ, ळ.

‘दुसऱ्या’मधला अर्धा र आडव्या वळणाचा दिसला पाहिजे, रफार नको. ‘वाङ्मय’ नीट जोडलेला हवा, ‘शृंगार’मधला श ऋकारासह आखूड होऊन सुटसुटीत बसायला हवा. एखाद्या ठिकाणी हलन्त उघडा दिसला तर लगेच फॉन्ट बाद करू नका. काही रचनाकार कठीण जोडाक्षरं मुद्दाम हलन्ताने दाखवतात. ‘ट्रक’ किंवा ‘दुसऱ्या’ फुटत असेल तर मात्र तो फॉन्ट पुस्तकासाठी घेऊ नये.

मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आज आहेत. शोभिका हा आयआयटी मुंबईत तयार झालेला फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर आधारलेला आहे. त्याची रोमन आणि सिरिलिक अक्षरं लिनक्स लिबर्टीन या फॉन्टमधून घेतलेली आहेत. मराठी, इंग्रजी, संस्कृत, रशियन असा मजकूर एकाच फॉन्टमध्ये निभतो, साधं आणि ठळक अशी दोन वजनंही आहेत. पहिल्या प्रयोगाला मी तोच सुचवेन. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास मराठी वळणांसाठी काढलेला आहे, वाचायला फार प्रसन्न, पण त्याला ठळक वजन नाही, हे आधी लक्षात घ्या. मथळ्यांसाठी ‘एक टाइप’ या चमूचा मुक्ता सात वजनांत मिळतो. नोटो सेरिफ देवनागरीची मोठी सोय अशी की नोटो कुटुंबात जगातल्या बहुतेक लिप्या आहेत, त्यामुळे एकाच पानावर पाच लिप्या आल्या तरी त्यांचा रंग, म्हणजे पानावरचा गडदपणा, साधारण जुळतो. त्याच्या काही आवृत्त्यांत रोमन अक्षरं मात्र नसतात.

एक सावधगिरी. 2016 पासून ओपनटाइपमध्ये ‘व्हेरिएबल’ फॉन्ट आले, म्हणजे एकाच फाइलमध्ये बारीक ते ठळक सगळी वजनं. स्क्रीनवर ते उत्तम, पण झीटेकमध्ये त्यांचं नीट जमत नाही: ठळक मजकूर साधाच येतो किंवा पीडीएफ बनताना काम अडतं. डाउनलोड केलेल्या संचात ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या वेगवेगळ्या वजनांच्या फाइली घ्या.

पायरी 3: पहिलं पान

नवी फाइल उघडा. पहिली ओळ ‘डॉक्युमेंटक्लास’ आणि कंसात ‘आर्टिकल’. मग ‘यूजपॅकेज’ आज्ञेने दोन पॅकेजं बोलवा: ‘फॉन्टस्पेक’ आणि ‘पॉलिग्लॉसिया’. पहिलं विल रॉबर्टसन यांचं. फॉन्टशी सगळा व्यवहार त्याच्यामार्फत होतो. दुसरं भाषांचा थर सांभाळतं.

पुढे ‘सेटडीफॉल्टलँग्वेज’ या आज्ञेत मराठी आणि ‘सेटअदरलँग्वेज’मध्ये इंग्रजी. मराठीच्या चौकटी कंसात ‘न्यूमरल्स’ या पर्यायाला ‘देवनागरी’ किंवा ‘वेस्टर्न’ असं स्पष्ट मूल्य द्या, म्हणजे पानांचे आणि प्रकरणांचे अंक कोणते येतील हे नशिबावर राहत नाही. मजकुरातले अंक मात्र तुम्ही टंकाल तेच येतील.

मग सर्वांत महत्त्वाची ओळ: ‘सेटमेनफॉन्ट’. महिरपी कंसात फॉन्टचं नाव, चौकटी कंसात दोन पर्याय, ‘स्क्रिप्ट’ म्हणजे देवनागरी आणि ‘लँग्वेज’ म्हणजे मराठी. पहिल्या पर्यायाने तिसरा थर जागा होतो, दुसऱ्याने चौथा. ‘लँग्वेज’ दिल्यावर, आणि फॉन्टमध्ये तशी सोय असल्यास, ल आणि श मराठी वळणाचे होतात. हा पर्याय देऊन आणि काढून दोनदा पान काढून बघा. फरक डोळ्यांनी पाहिला की तो कायमचा लक्षात राहतो.

शेवटी ‘बिगिन डॉक्युमेंट’ आणि ‘एंड डॉक्युमेंट’ यांच्यामध्ये वरची शब्दांची यादी टाका आणि कंपाइल करा, म्हणजे संपादकातून पीडीएफ काढा. पान नीट आलं तर पाया घातला गेला.

फॉन्टचं नाव देताना फाइलचं नाव आणि फॉन्टचं आतलं नाव वेगळं असू शकतं. लिनक्सवर ‘एफसी-लिस्ट’ ही आज्ञा बसवलेल्या फॉन्टांची खरी नावं दाखवते, आणि तिला मराठीचा दोन अक्षरी भाषासंकेत दिला तर फक्त मराठीला चालणारे फॉन्ट निवडून देते. पण अनेक जणांनी मिळून करायचं काम असेल तर नावावर अवलंबून राहूच नका. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ असा उपफोल्डर करा, फाइली त्यात ठेवा आणि फॉन्टस्पेकच्या ‘पाथ’, ‘एक्स्टेन्शन’, ‘अपराइटफॉन्ट’, ‘बोल्डफॉन्ट’ या पर्यायांनी प्रत्येक वजनाची फाइल नेमून द्या. मग कुणाच्याही संगणकावर तेच पान तसंच येतं.

पायरी 4: दुसरी भाषा, दुसरी लिपी

शोभिकासारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी तसंच चालून जातं. तरी लांबलचक इंग्रजी उताऱ्याला ‘बिगिन इंग्लिश’ ते ‘एंड इंग्लिश’ अशी हद्द घाला आणि एकट्या वाक्यांशाला ‘टेक्स्टइंग्लिश’ आज्ञा. त्याशिवाय इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी इंग्रजीच्या नियमाने तुटणार नाहीत. इंग्रजीला वेगळा फॉन्ट हवा असेल तर ‘न्यूफॉन्टफॅमिली’ने ‘इंग्लिशफॉन्ट’ नावाचं कुटुंब घोषित करा. पॉलिग्लॉसिया ते नाव आपणहून शोधतं. दोन वेगळ्या फॉन्टांची अक्षरं एकाच पॉइंटमध्येही लहानमोठी दिसतात. ‘स्केल’ या पर्यायाला 0.9 किंवा 1.05 असं मूल्य देऊन, छापील कागदावर बघत बघत जुळवा. स्क्रीनवर जुळवलेलं कागदावर बहुधा फसतं.

झीटेकची मला फार आवडणारी एक सोय इथे सांगतो. त्यात आज्ञांची नावं देवनागरीतही ठेवता येतात. ‘न्यूकमांड’ने एकदा \इंग्रजी किंवा \श्लोक अशी आज्ञा बनवली की लिहिताना कीबोर्डची भाषा सारखी बदलावी लागत नाही आणि मूळ फाइल वाचायलाही सोपी होते.

उर्दूसाठी ‘सेटअदरलँग्वेज’मध्ये उर्दू, ‘उर्दूफॉन्ट’ नावाचं कुटुंब, त्यात ‘स्क्रिप्ट’ अरेबिक आणि ‘लँग्वेज’ उर्दू. नस्तालिक ही उर्दूची नेहमीची लेखनशैली हवी तर नोटो नस्तालिक उर्दू घ्या. नस्तालिकमध्ये शब्द तिरका खाली उतरत जातो, त्यामुळे त्या परिच्छेदाला ओळींमध्ये बरीच जास्त जागा द्या. उजवीकडून डावीकडे मांडणीसाठी लागणारं ‘बिडी’ हे पॅकेज पॉलिग्लॉसिया स्वतः बोलवतं. तुम्ही वेगळं बोलवू नका. आणि भाषा घोषित करणाऱ्या ओळी बाकी सगळ्या पॅकेजांच्या नंतर ठेवा. उजवी-डावी लिपी असलेल्या फाइलमध्ये हा क्रम चुकला की असे विचित्र दोष येतात ज्यांचं मूळ सापडत नाही.

चिनी आणि जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून ओळ कुठे तोडायची हे ‘झीसीजेके’ पॅकेजला ठरवू द्या. तिथेही मराठी-हिंदीसारखाच प्रश्न आहे: एकाच युनिकोड क्रमांकाचं चिन्ह चीन आणि जपानमध्ये थोडं वेगळं लिहितात, म्हणून नोटो सेरिफ सीजेके या चिनी-जपानी-कोरियन फॉन्टचं भाषेप्रमाणे योग्य रूप निवडावं लागतं. थाईतही शब्दांमध्ये जागा नसते. झीटेकला ‘लाइनब्रेकलोकेल’ दिलं की ते शब्द ओळखून ओळ तोडतं.

लिपी बदलली की फॉन्ट आपोआप बदलावा अशी ‘यूकॅरक्लासेस’सारखी पॅकेजं आहेत. शब्दकोशासारख्या कामात ती उपयोगी आहेत. पण ती फक्त लिपी ओळखतात. मराठी की संस्कृत हे त्यांना कळत नाही, कारण दोन्हींची लिपी एकच. भाषा स्वतः सांगायची सवय आधी लावून घ्या.

मराठी पानाच्या खास गोष्टी

देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असल्याने रोमन लिपीपुरतं ठेवलेलं ओळींचं अंतर अपुरं पडतं. ‘लाइनस्प्रेड’ला 1.2 ते 1.35 दरम्यान मूल्य देऊन बघा. लागोपाठच्या ओळींत एकीचा उकार दुसरीच्या रफाराला टेकत नाही एवढं अंतर हवं.

तिरपी अक्षरं हा रोमन लिपीचा संकेत आहे. देवनागरीत अनेक फॉन्टांना तिरपं रूप नसतं आणि सॉफ्टवेअरला ते कृत्रिमरीत्या वाकवायला सांगितलं की शिरोरेषेचा तोल जातो. जोर देण्यासाठी ठळक वजन किंवा मुक्तासारखा दुसरा फॉन्ट वापरा आणि ‘एम्फ’ या जोर देणाऱ्या आज्ञेचा अर्थ तसा बदलून ठेवा. कृत्रिम ठळकही टाळा; जोडाक्षरांमधल्या बारीक पोकळ्या बुजतात.

शब्द तोडण्याचे मराठीचे नियम टेक लाइव्हमध्ये आहेत आणि ते अक्षरांच्या मध्येच तोडतात, जोडाक्षर फोडत नाहीत. तरी ललित मजकुरात काही प्रकाशकांना शब्द तुटलेला मुळीच नको असतो. तसं असेल तर फॉन्टस्पेकच्या ‘हायफनकॅर’ला ‘नन’ हे मूल्य द्या आणि ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ (शब्दांमधली जागा ताणायची मुभा) थोडा वाढवा, नाहीतर लांब सामासिक शब्द समासात घुसतात.

बिघाड शोधताना

चौकोनी खोके किंवा रिकामी जागा दिसली तर दुसरा थर तपासा: फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. याची नोंद झीटेक लॉग फाइलमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) फक्त इशारा म्हणून करतं आणि पीडीएफ तरीही बनवतं, म्हणून छापून आल्यावर एखादं नाव गायब झालेलं कळतं. फाइलच्या सुरुवातीला ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या आज्ञेला 3 हे मूल्य द्या. 2021 पासूनच्या टेक लाइव्हमध्ये मग असं प्रत्येक हरवलेलं अक्षर चूक म्हणून पुढे येतं. ही ओळ मी प्रत्येक नव्या फाइलमध्ये पहिल्यांदा घालतो.

वेलांटी चुकीच्या बाजूला आणि हलन्त उघडे दिसत असतील तर तिसरा थर: ‘स्क्रिप्ट’ द्यायचं राहिलं, किंवा इंजिन चुकीचं आहे.

टिंबाटिंबांचं वर्तुळ दिसलं तर चूक मजकुरात आहे. मात्रेला आधार देणारं व्यंजन नाही, किंवा दोन मात्रा लागोपाठ आल्या आहेत. ‘ॲ’ लिहिताना अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे टंकले तरी हे वर्तुळ येऊ शकतं. ॲ-ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे, तोच वापरा. अर्ध्या र-चंही तसंच: काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पानावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. पूर्ण पुस्तकात एकच पद्धत ठेवा आणि छपाईआधी शोधा-बदला करून घ्या.

जुन्या डीटीपी फाइलमधून मजकूर चिकटवल्यावर अर्थहीन रोमन अक्षरं दिसत असतील, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. युनिकोडपूर्व फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवल्या होत्या. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि वेलांटीच्या जागा रूपांतरात हमखास चुकतात.

सूची आणि संदर्भ

मेकइंडेक्स हे सूची बनवण्याचं नेहमीचं साधन देवनागरी वर्णक्रम जाणत नाही. अपमेंडेक्स वापरा. संदर्भसूचीसाठी ‘बिबलाटेक’ आणि ‘बायबर’ ही जोडी घ्या. दोन्हींना कोणत्या भाषेचा क्रम हवा ते सांगता येतं. मराठीत ळ, क्ष, ज्ञ वर्णमालेच्या शेवटी येतात, तेव्हा सूची तयार झाल्यावर ‘क्षमा’ क-मध्ये गेली आहे का ते बघा.

इतर वाटा

पॉलिग्लॉसियाऐवजी बेबेल हे जुनं पॅकेजही आता मराठी आणि युनिकोड फॉन्ट चांगले सांभाळतं. लुआलाटेककडे जायचं ठरवलं तर मी तेच घेईन. 2023 मध्ये मुक्त झालेली टिप्स्ट ही वेगळी अक्षरजुळणी प्रणाली शिकायला सोपी आहे आणि तिचं आकार देणारं इंजिनही हार्फबझवरूनच बेतलेलं आहे. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ केल्याशिवाय मराठी टाकू नये. या सगळ्यांत चार थरांची चाचणी तशीच लागू पडते.

फाइल पाठवण्याआधी

पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की अक्षरं उलटसुलट येतात, कारण त्यात आकृत्या दिसण्याच्या क्रमाने ठेवलेल्या असतात. झीटेकमध्ये ‘झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट’ नावाची सोय आहे. तिला 1 हे मूल्य दिलं की प्रत्येक शब्दामागे मूळ मजकूरही साठवला जातो. मग शोध आणि कॉपी पीडीएफ उघडणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नीट चालतात. ई-संग्रहात ठेवायच्या कोणत्याही दस्तऐवजात ती ओळ असलीच पाहिजे.

शेवटी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. ती वापरलेल्या प्रत्येक फॉन्टची यादी देते आणि तो पीडीएफमध्ये अंतर्भूत आहे की नाही ते एका रकान्यात दाखवते. सगळीकडे ‘यस’ दिसलं की फाइल छापखान्याला द्या. सोबत मूळ फाइल, फॉन्टचा फोल्डर आणि कोणत्या वर्षीचं टेक लाइव्ह वापरलं त्याची नोंद जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पानं पुन्हा तशीच काढता येतील.